चोरपावलांचे विमान

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. तो इतिहास स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे. माझ्याहून अधिकारी मंडळींनी तो लिहिला आहे. म्हणून आज मी एक निराळा विषय घेऊन उभी आहे. विषय आहे चीनने घडवलेल्या स्टेल्थ लढाऊ विमानांचा. मराठी शिकवणाऱ्या बाईंचा आणि लढाऊ विमानांचा संबंध काय, असे आपल्या मनात आले असेल. तो संबंध इयत्ता आठवीच्या वर्गाने जोडून दिला.

३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंग येथे मोठे लष्करी संचलन झाले. त्यात जे-२० आणि जे-३५ या जातीची विमाने शहरावरून उडत गेली. आमच्या वार्ताफलकावर मुलांनी त्या बातमीचे कात्रण लावले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘चीनचे अदृश्य विमान’. मधल्या सुटीनंतर एका मुलाने मला विचारले, “बाई, विमान अदृश्य आहे, तर मग त्याचा फोटो कसा निघाला?” सारा वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. पुढचे काही महिने मी त्या उत्तराच्या मागे होते. जे हाती आले, ते आपल्यासमोर ठेवते.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. हे विमान अदृश्य नाही. डोळ्याला ते दिसते, कॅमेऱ्याला दिसते. डिसेंबर २०१० मध्ये चेंगदू शहरातील विमान कारखान्याच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या हौशी मंडळींनीच जे-२०ची पहिली छायाचित्रे टिपली आणि ती जगभर पसरली. ते लपते ते रडारपासून, आणि तेही पूर्णपणे नाही. रडार म्हणजे अंधारात हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहणे. समोर उभा कडा असला की हाक परत येते. कड्याचा उतार तिरका असेल तर ती दुसऱ्याच दरीत निघून जाते. स्टेल्थ विमानाचे अंग असे तिरके घडवलेले असते. पंखांच्या आणि शेपटीच्या कडा परस्परांना समांतर ठेवतात, म्हणजे परतणाऱ्या लहरी मोजक्याच दिशांना फेकल्या जातात. शस्त्रे पंखाखाली टांगत नाहीत, पोटातील कप्प्यात ठेवतात. इंजिनाकडे हवा नेणारी वाट वळणाची करतात, म्हणजे आतील फिरती पाती समोरून दिसत नाहीत. झाकणांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि अंगावर लहरी शोषून घेणारा लेप असतो.

यात एक गणित आहे आणि ते आपल्या दहावीच्या मुलांनाही समजते. रडारला एखादी वस्तू किती अंतरावरून दिसेल, हे त्या वस्तूच्या प्रतिध्वनीच्या चौथ्या मुळावर अवलंबून असते. विमान पूर्वीच्या निम्म्या अंतरावर येईपर्यंत दिसू नये असे वाटत असेल, तर त्याचा प्रतिध्वनी १६ पट कमी करावा लागतो. अंतर एक दशांशावर आणायचे असेल, तर १०,००० पट. एवढ्या कष्टाने मिळवायचे काय, तर काही मिनिटे. विमान उशिरा दिसते, एवढेच. परंतु आकाशातील युद्धात तेवढा उशीर पुरतो.

भाषेची शिक्षिका असल्यामुळे मी शब्दाकडेही वळले. ‘स्टेल्थ’ हा शब्द इंग्रजीतील ‘चोरणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला आहे. मराठीतही आपण कोणी गुपचूप आला तर ‘चोरपावलांनी आला’ असेच म्हणतो. चिनी भाषेत त्याला ‘यिनशेन’ म्हणतात, म्हणजे देह लपवणे. मी मुलांना सांगितले, फलकावरचा ‘अदृश्य’ हा शब्द पुसा आणि ‘चोरपावलांचे विमान’ असे लिहा.

या विद्येचा उगम मात्र चीनमध्ये नाही, आणि अमेरिकेतही नाही. तो मॉस्कोत आहे. प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने, वस्तूच्या कडांवर आदळून लहरी कशा विखुरतात, याचे गणित मांडले. १९६२ साली त्याचे पुस्तक रशियन भाषेत उघडपणे छापले गेले. त्यात कोणाला लष्करी गुपित दिसले नाही. १९७१ साली अमेरिकेच्या हवाईदलाने त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले. काही वर्षांनी लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्झर या गणितज्ञाच्या ते वाचनात आले आणि विमानाचा प्रतिध्वनी आधीच मोजण्याचे साधन आपल्या हाती लागले आहे, हे त्याने ओळखले. त्या गणिताच्या आधारे घडलेले पहिले प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले. ज्या देशात पुस्तक लिहिले गेले, त्या देशाने ते बाजूला ठेवले. ज्या देशाने परक्या भाषेतले पुस्तक आपल्या भाषेत आणून वाचले, त्याच्या हाती विद्या आली. ही गोष्ट मनात असू द्यावी. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता चीनकडे वळू. १९५०च्या दशकात चीनने सोव्हिएत संघाच्या मदतीने शेन्यांग येथे विमाने बांधण्यास प्रारंभ केला. मिग-१७ या विमानाची तेथे बांधलेली पहिली प्रत १९ जुलै १९५६ रोजी उडाली. मग दोन्ही देशांचे बिनसले आणि १९६०च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने आपले तज्ज्ञ परत बोलावले. तरीही मिग-२१ची चिनी आवृत्ती, म्हणजे जे-७, १७ जानेवारी १९६६ रोजी उडाली. येथे एक गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनी लक्षात घ्यावी. तेच मिग-२१ विमान आपणही घेतले आणि ते बांधण्यासाठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे कारखाना काढला. दोन शेजाऱ्यांनी एकाच कित्त्यावर अक्षर गिरवले.

आपल्या शाळेचा पहिला वर्ग भरला तो जून १९६६ मध्ये. भाड्याच्या दोन खोल्या आणि सतरंज्या, हे आपण सर्व जाणता. त्याच जून महिन्यात चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुढे ढकलण्यात आल्या आणि वर्ग बंद पडले. विद्यार्थ्यांनी शिक्षकांची धिंड काढली, त्यांना मारहाण केली. अनेक शिक्षकांना प्राण गमवावे लागले. पुढे ढकललेली ती परीक्षा पुन्हा झाली ती तब्बल ११ वर्षांनी, १९७७च्या हिवाळ्यात. सुमारे ५७ लाख तरुण-तरुणी परीक्षेला बसल्या. त्यांत शाळकरी मुले होती, शेतावर पाठवलेले तिशीतले तरुणही होते. उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका छापण्यास कागद पुरेना, म्हणून माओंच्या ग्रंथासाठी राखून ठेवलेला कागद त्यासाठी वळवण्यात आला. प्रवेश मिळाला तो सुमारे २ लाख ७० हजार जणांना. अमेरिकेचे पहिले स्टेल्थ विमान वाळवंटावर उडत होते, तो हाच डिसेंबर. त्या घटकेला दोन देशांमधील अंतर पाहिले असते, तर ते कधी भरून निघेल असे कोणीही म्हटले नसते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १९७८ साली, शीआन येथील वायव्य पॉलिटेक्निक विद्यापीठात १५ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव यांग वेई. तोच पुढे जे-२०चा मुख्य अभिरचनाकार झाला. विद्यापीठाचे दार तोपर्यंत बंदच राहिले असते, तर त्या मुलाचे काय झाले असते, हा प्रश्न एक शिक्षिका म्हणून माझ्या मनातून जात नाही.

परंतु मुलगा विद्यापीठात शिरला, एवढ्याने विमान होत नाही. त्याला शिकवणारे कोणी तरी तेथे टिकून असावे लागते. अशा दोघांविषयी सांगते.

पहिले गू सोंगफेन. जे-८ हे चीनमध्ये आरेखित झालेले विमान ५ जुलै १९६९ रोजी, देशात सर्व गोंधळ चालू असताना, उडाले. त्याचे पहिले मुख्य अभिरचनाकार हुआंग झिच्यान १९६५ साली कैरो येथील विमान अपघातात मृत्यू पावले होते. ते गू यांचे सहकारी आणि आप्त. त्या दुःखानंतर गू यांच्या घरात ठरले होते, की यापुढे विमानात पाऊल ठेवायचे नाही. जे-८ वेगात आले की थरथरत असे आणि कारण सापडत नव्हते. १९७८ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, गू यांनी विमानाच्या मागील भागावर लोकरीचे धागे चिकटवले आणि हवेचा प्रवाह कोठे बिघडतो हे पाहण्यासाठी स्वतः दुसऱ्या विमानात बसून त्याच्या मागोमाग उडाले. एकदा नव्हे, तीनदा. पत्नीला त्यांनी हे सांगितले नव्हते. धागे कोठे फडफडतात ते त्यांनी पाहिले आणि दोष दूर केला. लोकरीचे धागे! आपल्या प्रयोगशाळेत पैसे नाहीत, म्हणून प्रयोग होत नाहीत, असे आम्ही शिक्षक म्हणतो तेव्हा मला आता हे धागे आठवतात.

दुसरे सोंग वेनत्सोंग. कोरियाच्या युद्धात हवाईदलात यंत्रज्ञ म्हणून राबलेला हा तरुण पुढे हार्बिन येथील लष्करी अभियांत्रिकी संस्थेत शिकला. जे-९ नावाच्या विमानावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पंखांच्या पुढे छोटे पंख असलेली त्याची रचना होती. १९८० साली तो प्रकल्प रद्द झाला. विमान उडालेच नाही. साध्या हिशेबाने ती सारी वर्षे वाया गेली. परंतु माणसे विखुरली नाहीत आणि वह्या फेकल्या गेल्या नाहीत. १९८६ साली, वयाच्या ५६व्या वर्षी, सोंग यांच्याकडे जे-१० या नव्या विमानाची धुरा आली. पुढचे छोटे पंख तेथे पुन्हा अवतरले. त्या विमानाची संगणकीय उड्डाण-नियंत्रण प्रणाली उभी केली ती तरुण यांग वेई यांनी. २३ मार्च १९९८ रोजी जे-१० उडाले, तेव्हा सोंग ६८ वर्षांचे होत आले होते. त्यांचा खरा जन्मदिवस २६ मार्चचा. त्या दिवसापासून त्यांनी तो २३ मार्चला मानला.

आपल्याकडे गाण्यात घराणे असते. गुरू गातो, शिष्य मागे तंबोरा धरून बसतो, आणि कधी तरी शिष्य पुढे येतो. चेंगदूच्या त्या संस्थेत मला घराणेच दिसते. सोंग यांच्या मागे बसलेले यांग वेई पुढे आले आणि जे-२० घडले. ११ जानेवारी २०११ रोजी ते चेंगदू येथे प्रथम उडाले. त्या दिवशी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्येच होते. २०२० सालापर्यंत चीनकडे असे एकही विमान नसेल, असा अंदाज त्यांनीच दीड वर्षापूर्वी एका भाषणात सांगितला होता. २०१७ मध्ये जे-२० चीनच्या हवाईदलात दाखल झाले. दरम्यान शेन्यांगचे विमानही ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी उडाले होते. त्याच घराण्यातून आज जमिनीवरून आणि विमानवाहू जहाजावरून उडणारे जे-३५ आले आहे.

आता थोडी नाजूक गोष्ट. हे विमान गुप्त होते खरे. पण त्याचे मूळ किती गुप्त होते? २००१ साली, म्हणजे उड्डाणाच्या दहा वर्षे आधी, सोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध चीनमधील अभियांत्रिकीच्या नियतकालिकात छापून आला. भावी लढाऊ विमानाला कोणता आकार असावा, याचा तो अभ्यास होता. पुढचे छोटे पंख, त्यांमागे मुख्य पंख, दोन तिरक्या शेपट्या यांचा विचार त्यात आहे. जे-२०ची रेषा त्या निबंधात ओळखता येते, असे जाणकार सांगतात. तो कोणत्याही तिजोरीत नव्हता. तो चिनी भाषेत होता, एवढेच. मॉस्कोतील ते पुस्तक आपल्याला आठवत असेल.

यावर एक आक्षेप मला स्टाफरूममध्येच ऐकायला मिळाला. “बाई, त्यांनी सगळे चोरले. त्यात कसले कौतुक?” हा आक्षेप निराधार नाही. सू बिन नावाच्या चिनी व्यावसायिकाने, अमेरिकन कंपन्यांच्या संगणकांतून लष्करी विमानांची माहिती चोरण्याच्या कटात आपण सामील होतो, असे २०१६ साली अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केले. त्या विमानांत एफ-२२ आणि एफ-३५ ही दोन्ही होती. त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्या मुंबईत जन्मलेला नोशीर गोवाडिया हा अमेरिकेतील बी-२ या स्टेल्थ विमानावर काम केलेला अभियंता. क्षेपणास्त्राच्या झोताची उष्णता लपवण्याची विद्या चीनला पुरवल्याबद्दल तो दोषी ठरला आणि जानेवारी २०११ मध्ये त्याला ३२ वर्षांचा तुरुंगवास झाला. जे-२०च्या पहिल्या उड्डाणाचाच तो महिना. एवढी बुद्धी असलेला माणूस असा वाया जातो, हे मी मुलांना सांगते. चोरी ती चोरीच. तिला मी दुसरे नाव देणार नाही.

परंतु ३० वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यानंतर एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. शेजारच्याची उत्तरपत्रिका पाहून मुलाला एका प्रश्नाचे उत्तर लिहिता येते. पुढचा प्रश्न बदलला की तो अडतो. याचा पुरावा या विमानांतच आहे, आणि तो इंजिनात आहे. जे-२० प्रथम उडाले ते रशियन इंजिनावर. बाह्य आकार साधला होता, पण इंजिन साधत नव्हते. जेट इंजिनातील पाती ज्या वायूत फिरतात, त्याचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून अधिक असते. पात्याच्या आत बारीक पोकळ्या ठेवून त्यांतून थंड हवा खेळवतात, तेव्हा ते टिकते. याचा आराखडा चोरता येईल. पण धातू कसा ओतायचा, किती हळू थंड करायचा, कोणते पाते नापास करायचे, हे हाताला आणि डोळ्याला शिकावे लागते. चीनने डब्ल्यूएस-१० या इंजिनाचे काम १९८०च्या दशकात सुरू केले. जे-२०वर ते बसले तेव्हा तीस-पस्तीस वर्षे उलटली होती. त्याहून सामर्थ्यशाली डब्ल्यूएस-१५ अलीकडे येत आहे.

पोकळ पात्याची चीनमधील विद्या शी चांगशू या धातुशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली होती आणि कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने त्यांच्यासारख्या अनेक चिनी तरुणांना मायदेशी परतण्यास मनाई केली होती. १९५५ साली ते परतू शकले आणि १९६०च्या दशकात शेन्यांग येथे त्यांच्या गटाने नऊ छिद्रांचे पोकळ पाते ओतून दाखवले. त्याच १९५५च्या सप्टेंबर महिन्यात जिनिव्हा येथे अमेरिका आणि चीन यांच्यात समझोता झाला. त्यानुसार अमेरिकेतून परतू इच्छिणाऱ्या चिनी नागरिकांना साहाय्य करण्याचे काम भारताच्या दूतावासावर सोपवले गेले. त्यांच्या विद्वानांना घरी पोहोचवण्याच्या कामात आपलाही हात लागला होता!

हे वाचताना मला आपल्या हैदराबादचीच आठवण झाली. कंचनबाग येथील संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने असेच, एकाच स्फटिकाचे पाते घडवण्याची विद्या साध्य केली आणि २०२१ साली हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. आपल्या शाळेपासून ही प्रयोगशाळा बसच्या अंतरावर आहे. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

आपण मागे का राहिलो, हे विचारल्यावाचून राहवत नाही. आपल्यापाशी बुद्धी नव्हती काय? १७ जून १९६१ रोजी बंगळूर येथे आपले स्वतःचे ‘मरुत’ विमान उडाले, तेव्हा चीनचे मिग-२१सुद्धा उडालेले नव्हते. कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली आपल्या अभियंत्यांनी ते घडवले होते. त्याला हवे तसे इंजिन मिळाले नाही. पुढे नवे आरेखन हाती आले नाही आणि जाणती माणसे पांगली. तेजसचा प्रकल्प मंजूर झाला १९८३ साली आणि विमान उडाले ४ जानेवारी २००१ रोजी. दोन उड्डाणांमध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली. चीनचे जे-९ रद्द झाले, तरी घराणे टिकले. आपले मरुत उडाले, पण घराणे तुटले. आता एएमसीए या आपल्या स्टेल्थ विमानाच्या प्रतिकृतींसाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पैसा आला; माणसे तीस वर्षे एका कामाशी टिकतील काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शाळांकडे आहे.

मी चीनची स्तुती करण्यासाठी उभी नाही, हे स्पष्ट करते. मे २०२४ मध्ये शिगात्से येथील विमानतळावर जे-२० विमाने उभी असल्याचे उपग्रहचित्रांत दिसले. ते ठिकाण सिक्कीमच्या सीमेपासून फार दूर नाही. आपले काही माजी विद्यार्थी त्या सीमेवर सेवा करीत आहेत. ज्या राजवटीने आपल्या शिक्षकांची धिंड निघू दिली, तिच्याकडून मला धडे घ्यायचे नाहीत. मला घ्यायचा आहे तो गू, सोंग आणि शी यांच्यासारख्या माणसांकडून. ही माणसे त्या धिंडीच्या काळानंतरही आपल्या कामाशी टिकून राहिली.

आणि आता पालकांशी दोन शब्द. यंदा आपल्या पहिलीच्या पटावर १४ मुले आहेत. गेल्या वर्षी एका पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला मागताना मला नम्रपणे विचारले, “बाई, मराठीत शिकून विज्ञान कसे येणार?” त्यांची काळजी खरी आहे. मी त्यांना भावनेचे उत्तर दिले नाही, आणि आजही देणार नाही. मातृभाषेमुळेच ती विमाने झाली, असे मी म्हणणार नाही. ती माणसे रशियन शिकली, इंग्रजी शिकली, काही परदेशी जाऊनही शिकली. परंतु ती समजून घेत होती आपल्या भाषेत. वर्गातली शंका, प्रयोगशाळेतला वाद, फळ्यावरचे गणित हे सारे चिनी भाषेत चालत होते. आणि हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. याच शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि भाषांतर विभागाने तयार केलेल्या ग्रंथांच्या बळावर तेथे विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी उर्दूतून शिकवली गेली. आपले मूल घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी बोलते, शाळेत इंग्रजी आणि हिंदी शिकते. ‘अदृश्य आहे तर फोटो कसा निघाला?’ हा प्रश्न त्याला मराठीत पडला, कारण त्या भाषेत त्याला चुकण्याची भीती नव्हती. तो प्रश्न विचारण्याची सवय मराठीत लावू आणि उत्तर शोधायला त्याला आणखी चार भाषांच्या दारांशी नेऊ. आमची इंग्रजीची बाजू अधिक भक्कम असायला हवी, हा आपला आग्रह रास्त आहे, आणि तो मी मान्य करते.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. देणगीविषयी अध्यक्ष बोलतीलच. मला आपले शनिवार हवे आहेत. आपल्यापैकी कोणी प्रयोगशाळेत आहे, कोणी कारखान्यात, कोणी रुग्णालयात. महिन्यातून एका शनिवारी येऊन आपल्या विषयातला एक लेख, तो कोणत्याही भाषेत असो, मुलांना मराठीत समजावून सांगा. तो लिहून काढा. वर्षाला बारा लेख झाले, तरी ग्रंथालयात एक कपाट तयार होईल.

हे सारे मी त्या मुलाला वर्गात सांगितले. रडार, तिरके अंग, मॉस्कोचे पुस्तक, चेंगदूचा निबंध. त्याने शांतपणे ऐकले आणि पुन्हा हात वर केला. “बाई, मग ते छापलेले निबंध आपल्याकडे कोण वाचते?”

या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मला देता आले नाही. ते मी आपल्याला विचारते आहे.